आलेखातली शेकडा वाढ-घट आणि ‘नवं भागिले जुनं’ : काही महिने वापरल्यानंतर

जीआरई आणि जीमॅट या उच्च शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीत आलेखांवरच्या प्रश्नांसाठी मी गेले काही महिने एकच पद्धत धरून ठेवली आहे. शाळेत शिकलेलं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: नव्यातून जुनं वजा करा, जुन्याने भागा, शंभराने गुणा. त्याऐवजी मी नव्याला सरळ जुन्याने भागते आणि येणाऱ्या पटीकडे बघते. ६४ वरून ८० म्हणजे सव्वापट, म्हणून २५ टक्के वाढ. ८० वरून ६४ म्हणजे ०.८ पट, म्हणून २० टक्के घट. फरक दोन्हीकडे १६ चाच, पण पट वेगळी. गणिती दृष्टीने दोन्ही रीती एकच आहेत. परीक्षेच्या घाईत मात्र त्या एकसारख्या वागत नाहीत.

पद्धत सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती ‘कोणत्या वर्षी शेकडा वाढ सर्वाधिक?’ या प्रश्नात. रेषालेख बघताना नजर आपोआप सर्वांत उभ्या चढावर जाते. तो चढ सर्वांत मोठा फरक दाखवतो, सर्वांत मोठी शेकडा वाढ दाखवत नाही. २० वरून ३० ही दीडपट आहे, ८० वरून १०० ही सव्वापटच, पण कागदावर दुसरा चढ दुप्पट उंच दिसतो. त्यामुळे हल्ली मी आलेखाच्या खालच्या भागातले छोटे चढ आधी तपासते. आकडे जवळजवळचे असले तरी भागाकार पूर्ण करावा लागत नाही. ४८ वरून ६० आणि ७५ वरून ९३ यांत मोठी वाढ कुठली? ४८ चा पाव १२, म्हणजे पहिली वाढ बरोबर सव्वापट. ७५ चा पाव १८.७५, वाढ मात्र १८. दुसरी जरा कमी. कॅल्क्युलेटर उघडायच्या आत उत्तर हातात.

आता पाया. भागायचं कशाने, हे पद्धत सांगत नाही, ते प्रश्नाच्या वाक्यातूनच घ्यावं लागतं. ‘२०१६ पासून २०१९ पर्यंत’ असं असेल तर पाया २०१६. पण ‘२०१९ ची विक्री २०१६ पेक्षा किती टक्के जास्त’ या रचनेत पाया नंतर येतो, आणि घाईत पहिलं दिसलेलं वर्ष खाली लिहिलं जातं. मी ‘पेक्षा’ किंवा ‘च्या तुलनेत’ ज्याला जोडलेलं असेल तोच आकडा खाली घेते. मगच आलेखाकडे बघते, आधी नाही. हा क्रम मला पद्धतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. ‘किती टक्के आहे’ आणि ‘किती टक्के जास्त आहे’ यातला फरकही पटीत लगेच दिसतो. १.५ आलं की पहिल्याचं उत्तर १५०, दुसऱ्याचं ५०. दोन्ही आकडे पर्यायांत शेजारी शेजारी बसलेले अनेकदा सापडतात.

ज्या आलेखाचा उभा अक्ष स्वतःच शेकडा बदल दाखवतो, तिथे तर या पद्धतीला पर्याय नाही असं माझं मत झालं आहे. समजा तीन वर्षांचे स्तंभ आहेत: २० टक्के वाढ, १० टक्के घट, ५ टक्के वाढ. बेरीज १५ येते आणि ती चुकीची आहे. १.२ गुणिले ०.९ गुणिले १.०५ म्हणजे १.१३४, एकूण वाढ १३.४ टक्के. अशा आलेखात २० च्या स्तंभाशेजारी ५ चा स्तंभ आला तर मूळ आकडा उतरलेला नसतो. तो वाढतोच आहे, फक्त वेग मंदावला आहे.

दोन वर्तुळालेखांचे प्रश्नही मला आता आवडायला लागले आहेत. एका वर्षी एकूण खर्च ४००, त्यात एका विभागाचा वाटा ३० टक्के. नंतरच्या वर्षी एकूण ६००, वाटा २५ टक्के. वाटा घटला म्हणून खर्च घटला असं वाटतं. पण वाट्यांची पट पाच-षष्ठांश, एकूणाची पट दीड, गुणाकार सव्वा. खर्च २५ टक्क्यांनी वाढला! १२० आणि १५० हे आकडे काढायचीही गरज पडली नाही. वाट्यातली घट ५ टक्केबिंदूंची आहे (३० वजा २५ असा सरळ फरक), ५ टक्क्यांची नव्हे. टक्क्यांत ती साधारण १६.७ येते. पर्यायांत ५ दिसलं की मी एकदा थांबते.

आलेख वाचण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पट काढण्याआधीच बरंच काही ठरून गेलेलं असतं. जीआरईच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की स्तंभालेख, रेषालेख, वर्तुळालेख प्रमाणात काढलेले असतात आणि नजरेने अंदाज घेतलेला चालतो. भूमितीच्या आकृत्यांना ही खात्री नाही. पण प्रमाणात असणं म्हणजे अक्ष शून्यापासून सुरू होणं नव्हे. अक्ष ४० पासून सुरू होत असेल तर ६० चा स्तंभ ५० च्या दुप्पट उंच दिसतो, वाढ मात्र २० टक्केच. शिवाय वाचताना एखाद्या एककाची चूक झाली तर तिची किंमत पाया ठरवतो. १० वरून १५ ही ५० टक्के वाढ. तो १० आपण ११ वाचला तर उत्तर ३६ च्या आसपास येतं. हेच २०० चं २०१ वाचलं तर ३०० पर्यंतची वाढ ५० ऐवजी ४९ च्या वर राहते, उत्तर बदलत नाही. म्हणून पाया लहान असेल तेव्हा मी तो दोनदा वाचते, मोठा असेल तेव्हा पुढे जाते. ‘आकडे हजारांत’ अशा टिपेची मात्र चिंता नको. एकाच आलेखातले दोन आकडे असतील तर भागाकारात एकक उडून जातं.

उणिवा आहेत. बदल अगदी छोटा असेल, जसं ८४७ वरून ८६१, तिथे पट काढत बसणं जड जातं. १४ भागिले ८४७, म्हणजे पावणेदोन टक्क्यांना थोडं कमी, हे जुन्या सूत्रानेच पटकन होतं. नफा-तोट्याच्या आलेखात जुना आकडा ऋण असला तर पटीला अर्थ उरत नाही, आणि शून्यावरून शेकडा वाढ कुठल्याच रीतीने निघत नाही.

वेळेचं म्हणाल तर, सप्टेंबर २०२३ पासूनच्या छोट्या जीआरईत गणिताचे १२ प्रश्न २१ मिनिटांत आणि १५ प्रश्न २६ मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. जीमॅटच्या डेटा इनसाइट्स या विभागात २० प्रश्नांना ४५ मिनिटं, सव्वादोन. पडद्यावर कॅल्क्युलेटर दोन्हीकडे मिळतो, पण ‘सर्वांत जवळचं उत्तर’ विचारलेलं असताना पर्याय लांब लांब असतील तर तो उघडण्यात वेळच जातो. ९/८ म्हणजे साडेबारा टक्के वाढ, ७/६ म्हणजे साधारण १६.७, ४/३ म्हणजे ३३.३, एवढं तोंडी असलं की बहुतेक प्रश्न अंदाजानेच सुटतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी सोडवून झालेला एखादा संच परत काढावा आणि या वेळी एकही गणित न करता प्रत्येक प्रश्नाचा फक्त पाया लिहून काढावा. उलटे प्रश्न, म्हणजे ‘२५ टक्के घट होऊन ९० उरले, आधी किती होते’ असे, त्यात मुद्दाम घ्यावेत. तिथे पाया आलेखावर दिसत नसतो, ९० ला ०.७५ ने भागून १२० असा शोधावा लागतो.