लॅमिंग्टन रोडचा पिवळा मल्टिमीटर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानोदुकानी लटकणारा डीटी-८३०डी, म्हणजे व्होल्ट, करंट आणि रोध मोजणारा मल्टिमीटर. डीसीसाठी, म्हणजे बॅटरीच्या विजेसाठी, पैसा वसूल. १२ व्होल्टवर गाडीचा बल्ब १.७५ अँपिअर खेचत असेल, तर पॉवर १२ × १.७५ = २१ वॅट, रोध १२ ÷ १.७५ = ६.८६ ओहम. तोच बल्ब थंड असताना २०० ओहम रेंजवर लावा, जेमतेम अर्धा ओहम! मीटर बरोबरच आहे. तार तापली की रोध वाढतो. मात्र आधी मीटरच्या वायरींची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून दिसणारा आकडा वजा करा, नाहीतर वायरींचाच रोध बल्बच्या नावावर जातो.

खरी खोट १० अँपिअरच्या सॉकेटात: फ्यूजच नाही. लाल वायर तिथेच राहिली आणि व्होल्ट मोजायला गेलात, की थेट शॉर्ट. एसी, म्हणजे घरातल्या विजेचा, करंट तर मोजतच नाही. गिझरसाठी क्लॅम्प मीटरच (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) घ्यावा.