व्हिएतनाममध्ये सहप्रवाशाकडून मोटरसायकल घेणार असाल, तर आधी हे वाचा

हो ची मिन्ह सिटीतील बुई व्हिएन भागातल्या हॉस्टेलांमध्ये जुन्या मोटरसायकलींचा व्यवहार कसा चालतो, हे तिकडे फिरलेल्यांना सांगायला नको. हनोईहून खाली आलेला विकतो, वर जाणारा घेतो, आणि गाडीसोबत हातात पडते ते ‘निळे कार्ड’, म्हणजे तिकडचे आरसी बुक, ज्यावर नाव बहुधा भलत्याच मूळ मालकाचे असते. याच रिवाजावर विसंबून मी ७८ लाख डोंग, म्हणजे सुमारे २६,००० रुपये, घालवले आणि नंतर आणखी ३० लाख डोंग, म्हणजे जवळजवळ दहा हजार रुपये, दंडासारखे भरले.

विकणारा पस्तिशीचा युरोपीय होता आणि तीन वर्षे असाच फिरतो आहे, असे सांगत होता. लाओसला कोणत्या नाक्यावरून जावे, कुठे डॉलर रोख लागतात, हे त्याने मला बारकाईने समजावले होते आणि त्यातले काही खोटे नव्हते. असा माणूस भाड्याने आणलेली गाडी स्वतःची म्हणून विकेल, अशी शंका कुणाला येईल?

शंका यायला जागा मात्र होती, आणि तीच आठवून आजही अंगाचा तिळपापड होतो. मी सीट उचलून पाहिले, तेव्हा आतल्या पत्र्यावर नखाने खरवडलेला एक स्टिकर होता; दुकानाचे नाव गेले होते, पण फोन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे स्वच्छ वाचता येत होते. विचारल्यावर तो म्हणाला, “आधीच्या मालकाने गॅरेजला टाकली होती,” आणि लगेच टायर किती नवे आहेत ते दाखवू लागला. खरवडणे जुने असते, तर तिथे धूळ बसली असती. बाकीचा पत्रा धुळीने भरलेला आणि तेवढीच जागा लखलखीत होती. निळे कार्डही रंगीत झेरॉक्स लॅमिनेट केलेले निघाले, पण ते नंतर. पुण्यात जुनी स्कूटर घेताना गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही झाल्याशिवाय एक रुपया न सोडणारी मी, तिथे सगळेच असे घेतात म्हणून पाच लाखांच्या पंधरा नोटा आणि वर तीन लाख मोजून मोकळी झाले.

दा लात या शहरात पोहोचल्यावर दुसऱ्याच सकाळी लॉजच्या दारात दोघे जण उभे होते. गाडीत जीपीएस दडवलेला होता. खरे निळे कार्ड, भाडेकरार आणि त्या सद्गृहस्थाच्या पासपोर्टची प्रत त्यांच्याकडे होती. गाडी त्यांनी नेलीच, शिवाय थकलेले भाडे माझ्याकडून घेतले. नाही तर चोरीची गाडी बाळगल्याची तक्रार करू, म्हणाले.

पासपोर्टची प्रत उपलब्ध असताना माणूस शोधणे अवघड नसावे, असे मला वाटले होते. पोलिसांनी पहिला प्रश्न केला तो माझ्या परवान्याचा. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो, आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला परवाना मानतो. म्हणजे तक्रार करायला गेलेली मीच नियमभंग करणारी ठरले. जबाब व्हिएतनामी भाषेत हवा होता आणि दुभाषी स्वखर्चाने आणायचा होता. आपल्या वकिलातीने स्थानिक पोलिसांकडे जा, असे उत्तर पाठवले, जणू मी पोलिसांना सोडून थेट वकिलातीकडेच गेले होते. घरी परतल्यावर पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी गुन्हा परदेशात घडलेला, आरोपी परदेशी, मग आम्ही काय करणार, असे ऐकवले आणि अर्जावर पोच द्यायलाही दोन हेलपाटे मारायला लावले. १९३० हा हेल्पलाइन क्रमांक ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, आणि मी तर रोख दिले होते. विमा कंपनीने वैध परवाना नव्हता एवढेच लिहून दावा फेटाळला, वास्तविक माझा दावा अपघाताचा नव्हताच.

कार्डावरचा चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवर हाताने चिखल पुसून ताडून पाहा. सीटखाली, हेल्मेटवर दुकानाचा माग दिसला, तर त्या क्रमांकावर हॉस्टेलच्या माणसाला व्हिएतनामीत फोन करायला सांगा. विकणाऱ्याच्या पासपोर्टचा फोटो मागा आणि त्याने आढेवेढे घेतले, तर तिथूनच परत फिरा. माझ्याकडे त्या माणसाचे केवळ पहिले नाव आहे, आणि भाडेकरारावर ते वेगळेच होते.