पितळी भातुकली: सोऱ्या पास, किसणी नापास

भाचीच्या पाचव्या वाढदिवसाला पितळी भातुकलीचा संच घेतला. २६ नग, १८०० रुपये. दुकानाचं नाव घेत नाही, कारण पुढे कुरकुर आहे.

आमच्याकडे आईची भातुकली अजून आहे, त्यामुळे तुलना होणारच होती. दोन्ही संच शेजारी मांडले. बंब, घंगाळ, हंडा-कळशी, झारा… चकाकीत नवा संच सरस. मग भाचीनं किसणीवर गाजर घासलं. काही पडेना. भोकं आहेत, धार नाही. आईच्या किसणीवर माझी बोटं सोलवटलेली आहेत. (ताई म्हणते, धार नाही तेच बरं. असेल.)

जात्याची तऱ्हा तीच. जुनं जातं दगडी, तळहाताएवढं. तांदूळ वैरायचे ते चार-चार दाणेच. मूठभर कोंबले की खुंटा अडायचा आणि वरची तळी उचलून सगळं झटकावं लागायचं. हावरटपणा केला की काम वाढतं, हे मला तिथंच कळलं. नव्या जात्याच्या दोन्ही तळ्या चक्क झाळून टाकल्यात. फिरतच नाही!

सोऱ्या मात्र झकास. कणीक सैल झाली तर शेव एकमेकींना चिकटते, घट्ट झाली तर दट्ट्या हलत नाही. भाचीनं तीनदा पीठ-पाणी कमीजास्त केलं, कुणाला न विचारता. अर्धा तास घरात शांतता होती.

एक महत्त्वाचं. नव्या भांड्यांना आतून कल्हई नाही. ताक, चिंचेचं पाणी असलं आंबट त्यात मुळीच ठेवू नका, पितळेत ते कळकतं. चुरमुरे, दाणे-गूळ असा कोरडा खाऊ ठीक. दुकानदार म्हणाला, "खेळण्याला कुठं कल्हई करतात?" करायचे की. घरची मोठी पातेली कल्हईला निघाली की आई स्वतःची चिमुकली पातेलीही त्यांत सरकवायची, आणि कल्हईवाला नवसागराच्या धुरात तीही तितक्याच गंभीरपणे फिरवायचा.

घ्यायचीच तर संच नको, सुटे नग घ्या. जातं दुकानातच फिरवून बघा, दट्ट्या दाबून बघा.

आईचं जातं आणि किसणी आता भाचीच्या डब्यात गेली आहेत. बदल्यात तिचा नवा बंब माझ्या टेबलावर आलाय, पेनं ठेवायला.