आठचं रक्त आठलाच घेणारी लॅब (दादर वेस्ट)

चार स्टार. पाचवा जिन्यापायी कापला, दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि मला नुसतं उठून उभं राहिलं तरी डोळ्यांपुढे अंधारी येते.

मला दोन भानगडी एकत्र आहेत, थायरॉइड गरजेपेक्षा जोरात चालणारा आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं (मूत्रपिंडांवरच्या) कॉर्टिसोल हे शरीराला लागणारं हार्मोन बनवणं जवळपास बंद. वजन दोन्हीत उतरतं त्यामुळे आधी सगळं थायरॉइडवरच ढकललं, हातावरच्या रेषा काळ्या पडल्या, मी लोणच्याचा खार वाटीने प्यायला लागले (दोन्ही अ‍ॅड्रिनलचीच लक्षणं) तरी घरचे म्हणे उन्हाने होतं असं. मग डॉक्टर मॅडमनी सांगितलं की थायरॉइड जोरात असला की शरीर कॉर्टिसोल भराभर संपवतं. म्हणजे पगार अर्धा आणि खर्च दुप्पट.

टेस्ट होती कॉर्टिसोल आणि एसीटीएच (पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन, अ‍ॅड्रिनलला कॉर्टिसोल बनवायला सांगणारं), सकाळी आठच्या सुमारास, कॉर्टिसोलच्या बदली घ्यायची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची (हे मॅडमनी सांगितलेलं हं, आपल्या मनाने कोणी गोळी चुकवू नका). आधी एका अ‍ॅपवरून होम कलेक्शन बुक केलेलं, नाव घेत नाही. साडेसातचा स्लॉट, पोरगा भांडुपला उगवला सव्वादहाला, तोवर मी गोळीशिवाय सोफ्यावर आडवी, आणि वर विचारतो कसा, ताई फ्रीजमधला बर्फ देता का? अरे एसीटीएचचं सॅम्पल बर्फात ठेवून लगेच थंड मशीनमध्ये फिरवावं लागतं, नाहीतर आकडा खोटा कमी येतो, मग दोष अ‍ॅड्रिनलचा की डोक्यातल्या पिट्युटरीचा तेच कळत नाही. परत पाठवला त्याला.

इथे फोनवरच काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, केसांच्या गोळ्या घेता का? घेत होते, थायरॉइडने केस मूठमूठ जातात ना. म्हणाल्या त्यात बायोटिन असतं, त्याने थायरॉइडचे आकडे चुकतात, डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस बंद ठेवा मगच या. गिऱ्हाईक स्वतःहून पुढे ढकलणारी लॅब पहिल्यांदा बघितली!

आठ वाजून पाच मिनिटांनी सुई, जांभळ्या झाकणाची ट्यूब माझ्यासमोर बर्फात, आणि पाणी आणून दिलं गोळीसाठी. एसीटीएचचा रिपोर्ट मात्र चौथ्या दिवशी आला, तोही दोनदा फोन केल्यावर.

शनिवारी जाऊ नका, जिन्यापर्यंत लाइन असते आणि बसायला चारच खुर्च्या.