ब्रॉयलर, गावरान की बोकड: रविवारच्या पिशवीत काय आणावं?

गटारी उरकली की भाच्याचा फोन ठरलेला. "मामा, श्रावण पाळतोय. आता कायमचंच सोडावं म्हणतो." गणपती विसर्जन झालं की हाच गडी तांबडा-पांढरा ओरपताना दिसतो. यंदा त्यानं प्रश्न बदलला. "सुटत तर नाही. मग त्यातल्या त्यात कमी पाप कशात?"

पाप-पुण्याचं मला कळत नाही. पण हा हिशेब मी स्वतःसाठी सहा-सात वर्षांपूर्वी घातला होता, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. ज्यांना पूर्ण सोडायचं आहे त्यांना यातलं काही लागणार नाही. माझे वडील पन्नाशी ओलांडल्यावर माळकरी झाले. त्या दिवसापासून त्यांनी मटणाच्या रश्श्याला बोट लावलं नाही आणि आमच्या ताटाकडे बघून कधी नाकही मुरडलं नाही. तो मार्ग सगळ्यांत साधा आहे हे मान्य. माझ्याच्यानं झालं नाही, एवढंच.

आधी ब्रॉयलर, कारण बहुतेकांच्या पिशवीत तोच असतो. माझ्या मेहुण्याची पाच हजार पक्ष्यांची शेड आहे, कराराची. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज आणि राबणं याचं. पुष्कळ लोकांना वाटतं की ब्रॉयलर पिंजऱ्यात वाढतो. तसं नाही. खाली भाताचं तूस, बाजूला जाळी, जाळीला पडदे, थंडीत पिल्लांना ऊब द्यायची सोय. एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा येते. मेहुणा जीव लावून करतो. उन्हाळ्यात दुपारी छपरावर पाणी मारायला स्वतः चढतो. त्याला क्रूर म्हणणारा माणूस त्या शेडमध्ये एक मे महिना काढून दाखवेल असं मला वाटत नाही.

तरी माझं मन उडालं ते तिथंच. पिल्लं दोन आठवड्यांची असताना गेलो होतो. आत पाय टाकला की पाण्यात खडा पडावा तशी बाजूला पांगायची. पुढची फेरी पस्तिसाव्या दिवशी झाली. तेव्हा मलाच पाऊल टाकायला जागा शोधावी लागली, कारण कुणी उठतच नव्हतं. मेहुण्यानं एकाला चपलेच्या टोकानं हलकंसं ढोसलं. ते उठलं, चार पावलं फेंगडं चाललं आणि पुन्हा तुसात बसलं. पोटाखालची पिसं झडून कातडी लाल झालेली.

"दाजी, वजन चांगलं आलंय," मेहुणा खुशीत म्हणाला.

चाळीसेक ग्रॅमचं पिल्लू चाळीसेक दिवसांत दोन किलोच्या वर जातं. मांस चढतं, पण त्या वेगानं पाय तयार होत नाहीत. यात मेहुण्याची चूक नाही. त्या जातीची पैदासच तशी केली आहे. या पक्ष्यांच्या आईबापांना तर मुद्दाम मोजून, अर्धपोटी ठेवावं लागतं. पोटभर खाऊ दिलं तर ती इतकी जड होतात की अंडी-पिल्लांच्या कामाची राहत नाहीत. खाऊ द्यावं तरी हाल, न द्यावं तरी हाल.

त्यानंतर दुकानात गेलो की माझी नजर एकाच ठिकाणी जायला लागली. दुकानदार जाळीचं दार उघडून हात घालतो, तेव्हा आतला पक्षी मागं सरकत नाही. शेजारचाही सरकत नाही. हात येतो, पाय धरतो, वजनकाटा, सुरी, निळं पिंप. पिंपात जे धडधडतं तेवढीच त्याची काय ती हालचाल. सुरी मला खटकली नाही. खाणाऱ्यानं सुरीची तक्रार करू नये. पण ज्याला पळावंसंही वाटत नाही, किंवा वाटलं तरी जमत नाही, अशा जिवाला धरायला येणाऱ्या हाताकडे मला बघवेना. वर्ष-दीड वर्ष मी पाठ फिरवून मोबाइल बघत उभा राहायचो. मग एका रविवारी तेही नकोसं झालं. हे कारण कुणाला फालतू वाटेल. माझ्यासाठी तेवढं पुरलं.

कायद्याचं विचाराल तर कत्तलखान्यांसाठीचे 2001 चे नियम आहेत: एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाळी आणि ओंडका यांच्यात किती अंतर असतं ते आठवून बघा. आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. त्यात दोन-तीन गावरान अंडी येतात फार तर.

अंड्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. "आम्ही चिकन सोडलं, फक्त अंडी खातो" म्हणणाऱ्यांचा मला आदर आहे, पण हिशेब उलटा लागतो. बाजारातलं पांढरं अंडं बहुधा पिंजऱ्यातल्या कोंबडीचं. तिच्या वाट्याला जागा येते ती ए-फोर कागदापेक्षाही कमी, आणि तिथं तिचं वर्षभराहून जास्त जातं. पंख पसरायचा प्रश्नच नाही. ब्रॉयलरचे निदान चाळीस दिवस तुसावर जातात. शिवाय या अंड्याच्या जातीतले नर ना अंडी देतात ना अंगावर मांस धरतात, म्हणून ते पहिल्याच दिवशी मारले जातात. युरोपीय संघानं 2012 पासून असले साधे पिंजरे बंद केले. आपल्याकडे विधी आयोगानं 2017 मध्ये या विषयावर अख्खा अहवाल दिला, पिंजरे मात्र जागेवर आहेत. तेव्हा मनाला टोचणी असेल तर चिकनच्या आधी अंडी बदला. तपकिरी कवच म्हणजे गावरान नव्हे, हेही लक्षात असू द्या.

अ‍ॅपवरून मागवलेल्या पाकीटबंद चिकनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पक्षी तोच, फक्त तुम्ही तिथं नसता. मोठ्या कारखान्यात बेशुद्ध करून कापण्याची सोय असू शकते, तेवढा तो बरा. पाकिटावर अँटिबायोटिक नसल्याची जी ग्वाही असते ती तुमच्या तब्येतीसाठी आहे. कोंबडी कशी जगली ते त्यातून कळत नाही.

बोकडाकडे मी खरं तर आधी वळलो होतो, आणि हिशेब त्याच्याच बाजूचा आहे. एका बोकडाचं बारा-पंधरा किलो मटण पडतं. तेवढ्यासाठी ब्रॉयलर नऊ-दहा तरी जातात. उस्मानाबादी शेळी असो की धनगराचं मेंढरू, दिवसभर रानात फिरतं, पाला ओरबाडतं, आईच्या मागं उंडारतं. जगणं म्हणावं असं जगणं. खच्चीकरण ही त्यातली वाईट गोष्ट. बोकड भरावा आणि मटणाला वास राहू नये म्हणून चिमटा लावतात, आणि गावाकडं भूल देऊन कुणी करत असेल असं मी तरी पाहिलं नाही. शिवाय शहरात दुकानाला टांगलेला बोकड चाकणच्या बाजारातून आला की आणखी कुठून, ते कळायला मार्ग नाही. बकरी ईदच्या आधी देवनारला पार राजस्थानातून बोकड येतात. तेवढा प्रवास ट्रकात उभ्यानं काय होत असेल ते सांगायला नको. गावाकडे ओळखीच्या माणसाचा बोकड चार घरांत वाटून घेत असाल, तर पुढचं वाचूही नका. तुमचा निर्णय बरोबरच आहे. आम्हा पुण्यातल्या चौघांच्या कुटुंबाला ते जमत नाही, आणि धाकटीला मटण चावत नाही.

उरलं गावरान. यात फसवणूक फार, हे आधीच सांगतो. रंगीत पिसं दिसली की लोक गावरान समजतात. वनराजा, गिरिराज, कावेरी या सुधारित जाती शेडमध्ये वाढवून गावरान म्हणून सर्रास विकल्या जातात. त्या वाईट नाहीत. ब्रॉयलरपेक्षा सावकाश वाढतात आणि चालतात-फिरतात. पण दाम गावरानचा मोजायचा तर माल बघून मोजावा. माझी ओळख सासवडच्या पुढं एका आज्जींशी आहे. अंगणात डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली, मागं खुराडं, बाकी सगळा संसार उकिरड्यावर. कोंबडा विकण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने लागतात.

या आयुष्याला स्वर्ग म्हणायचं कारण नाही. मुंगूस आहे, मांजर आहे, वर घार आहे. बारा पिल्लांतली पाच मोठी झाली तर आज्जी खूश असतात. मानमोडीची साथ आली की आठवड्यात आळीतल्या कोंबड्या साफ. लस स्वस्त आहे, पण चार कोंबड्यांसाठी बाटली फोडायला कुणी तयार नसतं. बाजाराला नेताना पाय बांधून, डोकं खाली करून सायकलच्या दांडीला अडकवतात, ते तर ब्रॉयलरच्या क्रेटपेक्षा वाईट. मी आज्जींना सांगून बघितलं की बाजारात नेऊ नका, मीच येतो. तेवढं त्यांनी ऐकलं, कारण त्यांचीही पायपीट वाचते.

आणखी एक कबुली. गावरान कोंबड्यावर मांस कमी. दीड किलोचा घेतला तर हातात किलोभरही पडत नाही. म्हणजे तेवढंच खायचं ठरवलं तर गावरानमध्ये जीव जास्त जातात. हा आक्षेप माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी काढला होता आणि तो खोडता येत नाही. झालं असं, की किंमत दुप्पट-तिप्पट, सासवडची फेरी वेगळी, शिजायला वेळ, त्यामुळे खाणंच कमी झालं. पूर्वी दर रविवारी एक ब्रॉयलर, म्हणजे वर्षाला पन्नासच्या वर. आता महिन्याला एक कोंबडा, आणि श्रावण धरला तर अकरा. हे काही ठरवून केलं नाही. आळसानं केलं म्हणा. पण भाच्याला मी आकडा म्हणून हाच सांगितला.

ज्याला आठवड्याला तीनदा चिकन लागतं, व्यायाम करतो, प्रथिनं मोजतो, त्याला गावरान परवडणार नाही, आणि त्यानं ब्रॉयलर खाल्लं म्हणून मी त्याला बोल लावणार नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं आहेत. त्यांनी आणखी एक वार वाढवला तरी पुष्कळ. पण आठवड्याला एकदाच खाणारा असाल आणि महिन्यातून एक सकाळ मोकळी काढता येत असेल, तर एकदा गावरानच्या मागं जाऊन बघा. माझं झुकतं माप कुठं आहे ते लपलेलं नाहीच.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळी दहाला पोचलो होतो. आज्जींनी एक तांबडा, शेपटीला हिरवी झाक असलेला कोंबडा दाखवला. "धरा," म्हणाल्या. मी, त्यांचा नातू आणि शेजारचा एक पोरगा असे तिघं अर्धा तास त्याच्या मागं होतो. कुंपणातून उसात, उसातून गोठ्यात, तिथून आंब्यावर. अंगाला माती, पायाला काटे, आणि तो वरून मान तिरकी करून आमच्याकडे बघत होता. आज्जी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अवो, कोंबडा दिवसा घावतो का? रात्री डालग्याखाली घालायचा. आधी फोन नाही करायचा?" त्या दिवशी आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली.

पुढच्या शनिवारी मी फोन केला. रविवारी सकाळी तोच तांबडा डालग्याखाली होता. मी हात घातला, तर दोन बोटं फोडली त्यानं.