औष्णिक वीज केंद्रात ऑपरेशन की मेंटेनन्स?

चंद्रपूर किंवा पारसच्या औष्णिक वीज केंद्रात यांत्रिकी अभियंत्यापुढे मुख्यतः ऑपरेशन (संच चालवणे) आणि मेंटेनन्स (देखभाल-दुरुस्ती) हे दोन मार्ग असतात. ऑपरेशनमध्ये पाळीपाळीने नियंत्रण कक्षात बसून वाफेचा दाब, बॉयलरच्या ड्रममधील (वाफ आणि पाणी वेगळे करणाऱ्या टाकीतील) पाण्याची पातळी आणि मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या टर्बाइनची कंपने सांभाळावी लागतात. बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र मिळून संपूर्ण संच कसा चालतो, हे तिथेच उमगते. मेंटेनन्सची वेळ बहुधा दिवसाची, पण बॉयलरची नळी फुटली की रात्रीही धावावे लागते, आणि राखेने घासून पातळ झालेली ती नळी हातात घेतल्यावर जे कळते, ते पडद्यावरच्या आकड्यांतून कळत नाही. गावाकडे शेती पाहणाऱ्यांना पाळीची नोकरी सोयीची वाटते, हेही खरे. तरीही नवख्याने आधी ऑपरेशनच करावे, असे माझे ठाम मत आहे, कारण धडधाकट यंत्राची चाल ठाऊक नसेल, तर बिघाड शोधताना चाचपडावे लागते.