ताटाचे भाग की कर्बोदकांची मोजदाद?

टाइप २ मधुमेह असलेल्या व्यक्तीला पथ्य विचारले, तर बहुधा ‘साखर बंद’ हेच पहिले उत्तर मिळते. ते चूक नसले तरी अपुरे आहे. चहातली साखर कटाक्षाने टाळणारी व्यक्ती फळांच्या रसाचा मोठा पेला मात्र आरोग्यदायी समजून संपवते, आणि ‘शुगर फ्री’ बिस्किटांतल्या पिठाचा हिशेब धरतच नाही. काय टाळायचे हे पाठ असते. जे चालते ते किती खायचे, इथे गाडी अडते. हे प्रमाण ठरवण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत.

ताटाच्या पद्धतीत सुमारे ९ इंच व्यासाच्या ताटलीचा अर्धा भाग पिष्टमय नसलेल्या भाज्यांना, पाव भाग प्रथिनांना आणि उरलेला पाव भाग कर्बोदकांना, म्हणजे भात-पोळीसारख्या पिष्टमय पदार्थांना, दिला जातो. वजनकाटा लागत नाही, आकडेमोडही नाही, त्यामुळे ही सवय लवकर अंगवळणी पडते. मात्र बटाटा आणि मका भाजी म्हणून अर्ध्या भागात गेले की सगळे गणित बिघडते, कारण त्यांची जागा कर्बोदकांच्या पाव भागात आहे. पदार्थाचा ढीग किती उंच रचला, जेवणाआधी काय तोंडात टाकले आणि सोबत काय प्यायले, हेही ताटली सांगत नाही.

कर्बोदकांची मोजदाद अधिक काटेकोर आहे. १५ ग्रॅम कर्बोदके म्हणजे एक वाटा, असे सर्वसाधारण माप धरले जाते. समजा, पाकिटावर ३० ग्रॅमच्या एका वाढणीत २० ग्रॅम कर्बोदके असल्याचे छापले आहे आणि पाकीट ९० ग्रॅमचे आहे. ते एका बैठकीत संपवले, तर पोटात ६० ग्रॅम, म्हणजे चार वाटे गेले. वाचणारा बहुतेक वेळा ‘२०’ हा आकडाच लक्षात ठेवतो. पाकिटात साखर किती, एवढेच पाहून थांबणारे तर याहून अधिक फसतात, कारण मोजायची असतात ती एकूण कर्बोदके. या पद्धतीचा खरा दोष म्हणजे तिचा कंटाळा येतो. शिवाय आकडा जुळला की भाज्या आणि चरबीकडे दुर्लक्ष होते.

१९८१ साली मांडल्या गेलेल्या ग्लायसेमिक निर्देशांकाचा (५५ पर्यंत कमी, ७० पासून पुढे जास्त) आधार या दोन्हींना पूरक म्हणून घ्यावा. एखादा पदार्थ रक्तातली साखर किती वाढवू शकतो हे तो दाखवतो, पण किती खाल्ले हे दाखवत नाही.

जेवणाआधी इन्सुलिन घेऊन त्याची मात्रा खाण्यानुसार ठरवावी लागत असेल, तर मोजदाद शिकण्यावाचून गत्यंतर नाही. केवळ मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या चालू असतील, तर माझ्या मते ताटापासून सुरुवात करावी आणि मोजदाद फक्त पाकीटबंद पदार्थांपुरती ठेवावी. सल्फोनिलयुरिया गटातील (शरीराला अधिक इन्सुलिन स्रवायला लावणाऱ्या) गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र कर्बोदके एकदम कमी करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, कारण औषधाची मात्रा तीच राहिली तर रक्तातली साखर प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचा पाव भागही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावा.

निवड जमली की नाही हे ग्लुकोमीटरवर तपासता येते: नेहमीचेच जेवण आधी जुन्या सवयीने आणि दुसऱ्या दिवशी नव्या पद्धतीने घ्यावे, दोन्ही वेळा जेवणापूर्वी आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर मोजावी, आणि चारही आकडे एकाच कागदावर लिहून पुढच्या तपासणीला सोबत न्यावेत.